बसलेली फळी

आम्ही पेशाने कारकून. बी.कॉम. झाल्यापासून आवक-जावक, मस्टर आणि बिले यांतच आयुष्य गेले. हाताला शाई पुष्कळ लागली, लाकडाचा भुसा कधी लागला नव्हता. तो लागला गेल्या वर्षी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, आणि त्यामुळे आमच्याच घरातली एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. तीच वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमच्या वस्तीत आम्ही दर रविवारी मुलांची अभ्यासिका चालवतो. मे महिन्यात मुलांच्या हस्तकलेचे प्रदर्शन भरते. दरवर्षी पुठ्ठ्याचे किल्ले आणि काड्यापेटीच्या झोपड्या. यंदा मात्र आमची धाकटी, नववीतली, म्हणाली, "पप्पा, आपण लाकडाचं जहाज करू. मुंबईत बांधलेलं."

मुंबईत बांधलेले म्हणजे 'ट्रिंकोमाली'. हे नाव तिला शाळेच्या ग्रंथालयातल्या पुस्तकात सापडले होते. ही इंग्रजांच्या आरमाराची तीन डोलकाठ्यांची युद्धनौका. आज जिथे नौदलाची गोदी आहे, त्याच मुंबई गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ती बांधली गेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. लढायांमुळे इंग्लंडात ओकच्या लाकडाची टंचाई होती, म्हणून मलबारचा साग वापरला. हा साग असा टिकला, की दोनशे वर्षांनंतरही ती नौका इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या संग्रहालयात पाण्यावर उभी आहे. वाडियांचे नाव इतिहासात आहे आणि ते योग्यच आहे. ज्यांनी तिच्या फळ्या तासल्या आणि बसवल्या, त्यांची नावे मात्र आम्हाला कुठल्या पुस्तकात दिसली नाहीत. (ही टिप्पणी आम्ही त्या दिवशी मुलांपुढे मोठ्या आवाजात केली होती, हे लक्षात ठेवावे. पुढे तीच आमच्यावर उलटणार होती.)

मूळ जहाज सुमारे दीडशे फूट लांब, आमचे दोन फूट. म्हणजे पंच्याहत्तर फुटांना एक फूट. प्लायवूडचा उभा कणा कापला, त्यावर अकरा आडवे पडदे बसवले. माशाचा काटा असतो ना, तसा सांगाडा झाला. वखारीतून सागाच्या पट्ट्या कापून आणल्या, दोन मिलिमीटर जाड आणि सहा मिलिमीटर रुंद. आता या पट्ट्या एकीखाली एक चिकटवल्या की झाले जहाज, असा आमचा हिशेब.

हिशेब साफ चुकला. आम्ही डाव्या बाजूला वरून सुरुवात करून सलग सहा पट्ट्या चिकटवल्या. सातवीच्या वेळी पाहिले तर सांगाडाच केळ्यासारखा वाकला होता. मधल्या भागात पट्ट्या छान बसत होत्या, पण तोंडाशी आल्या की एकमेकींच्या अंगावर चढत होत्या. दाबून टाचण्या मारल्या तर दुसरे टोक उचले. दोन पट्ट्या तडकन मोडल्या. फेविकॉल बोटांना, लुंगीला आणि धाकटीच्या केसांना. तिची आई म्हणाली, "सभेत माईक धरणं सोपं असतं."

दादा, म्हणजे आमचे वडील, गॅलरीतल्या खुर्चीवर बसून हे ऐकत होते. ऐकत म्हणण्याचे कारण, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही त्यांना आता फारसे दिसत नाही आणि हात थरथरतो. मोडल्याचा आवाज आला तशी त्यांनी हात पुढे केला. "आण इकडं." सांगाडा मांडीवर घेतला आणि अंगठा नाळेपासून मागपर्यंत सावकाश फिरवला. तिसऱ्या पट्टीवर अंगठा थांबला.

"ही बसलेली नाय रे. बसवलेली हाय."

मग म्हणाले, "सगळी काढ."

आमच्या जिवावर आले, पण काढली. गरम पाण्यात बुडवलेले फडके ठेवले की फेविकॉल सुटतो, हेही त्यांनीच सांगितले.

पुढचे आठ दिवस संध्याकाळी आमच्या घरात जी शिकवणी झाली, ती आम्ही कॉलेजात कधी अनुभवली नाही. पहिली गोष्ट, पडद्यांच्या कडा. त्या आम्ही चौकोनी ठेवल्या होत्या. जहाज तोंडाशी निमुळते होते, तेव्हा पडद्याची कडही त्याच उताराने घासावी लागते, नाहीतर फळी एका कोपऱ्यावर टेकते आणि बाकीची अधांतरी राहते. दुसरी गोष्ट, एक फळी डावीकडे तर पुढची उजवीकडे. दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहिला तरच कणा सरळ राहतो. तिसरी, लाकूड चपट्या अंगाने वाकते, कडेच्या अंगाने वाकवू नये. तोंडाकडचे टोक तासभर पाण्यात भिजवायचे, गरम इस्त्रीवर धरून हळूहळू वळवायचे आणि वळणातच बांधून रात्रभर सुकू द्यायचे. दादा कारखान्यात दीड इंची फळी जाळावर धरून, ओल्या गोणपाटाने भिजवीत चार जणांनी वाकवीत असत.

आणि मुख्य गोष्ट फळीच्या रुंदीची. जहाजाचे पोट मध्ये मोठे, तोंड लहान. पण वरपासून कण्यापर्यंत फळ्यांची संख्या मात्र दोन्हीकडे तीच. मग प्रत्येक फळी तोंडाकडे निमुळती झालीच पाहिजे. आम्ही मात्र सगळ्या फळ्यांना एकाच मापाने वागवत होतो.

इथे आमचे बी.कॉम. उपयोगी आले. कागदाची पट्टी घेऊन प्रत्येक पडद्यावर वरच्या कडेपासून कण्यापर्यंतचे अंतर मोजले. मध्यावर दीडशे मिलिमीटर. फळी सहाची, म्हणजे पंचवीस फळ्या. तोंडाशी अंतर भरले शंभर. भागिले पंचवीस, म्हणजे तिथे फळी चारची हवी. असे अकराही पडद्यांचे आकडे काढून आम्ही वहीत तक्ताच मांडला, फळी क्रमांक खाली आणि पडदा क्रमांक आडवा. दादांना वाचून दाखवला. त्यांनी हे गणित आयुष्यात कागदावर केले नव्हते. ते दोरीने माप घेत आणि दोरीला गाठी मारीत. थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजून म्हणाले, "बरोबर हाय. पण निम्म्याच्या खाली नेऊ नको. टोक फार बारीक झालं तर खिळा धरत नाय. तिथं दोन फळ्यांची एक करायची. आणि मागं फट रुंदावली तर पाचर घालायची, फळी ओढून आणायची नाय."

धाकटीने विचारले, "आजोबा, तुम्ही जहाज बांधायचात?"

आता ऐका. दादा भाऊच्या धक्क्याकडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे होते. मासेमारीच्या लाकडी होड्या आणि ट्रॉलर तिथे दुरुस्तीला येत. कुजलेली फळी काढणे, तिच्या जागी नवी तासून बसवणे, फटींत कापूस ठोकणे, वरून राळ आणि तेलाचे लुकण भरणे हे सगळे दादा करीत. पण मस्टरवर ते लागले 'बिगारी' म्हणून आणि निवृत्त झाले तेही 'बिगारी' म्हणूनच. मस्टर लिहिणे हा आमचा धंदा. त्या एका शब्दाने पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी किती खाली येते, हे आमच्याइतके कोणाला कळणार? पण शाळेच्या दाखल्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत, वडिलांचा व्यवसाय या रकान्यात आम्ही स्वतःच्या हाताने 'मजूर' लिहीत आलो. त्यांना एकदाही विचारले नाही. कष्टकऱ्यांच्या सन्मानावर आम्ही किती भाषणे दिली असतील, याची मोजदाद नाही.

त्या रात्री विचारले. "दादा, तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"बोललो की. मिस्त्री म्हणायचा, फळी तू बसव, नाव माझं लागंल. नायतर गेट उघडंच हाय. तुम्ही तिघं शिकत होता."

"मग आम्हाला हे काम शिकवलं का नाही?"

"तुझ्या हातात रंधा दिला असता तर तू तिथंच आला असतास."

आम्हाला एकदम कॉलेजचे स्नेहसंमेलन आठवले. दादा कामावरून थेट आले होते, अंगाला राळेचा वास येत होता. आम्ही त्यांना शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसवले होते. दादांना ते आठवते की नाही, हे विचारण्याचा धीर अजून झालेला नाही.

काम पुढे सरकत राहिले. आम्ही तक्त्यावरून पट्टी आखायची, धाकटीने तासायची, दादांनी अंगठा फिरवायचा. त्यांचा अंगठा अर्धा मिलिमीटरचा उंचवटा पकडतो. 'हां' म्हणाले की फेविकॉल, काही बोलले नाहीत की पुन्हा तासणे. एका संध्याकाळी फार तर तीन फळ्या. कण्याला लागून बसणाऱ्या सर्वांत खालच्या फळीनेच दोन दिवस घेतले, कारण मागे जाता जाता ती जवळजवळ उभी होते आणि पीळ दिल्याशिवाय टेकत नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी उजवी बाजू पूर्ण होती. डाव्या बाजूच्या नऊ फळ्या राहिल्या होत्या. आम्ही रात्रभर जागून संपवायला निघालो, तर दादांनीच थांबवले. "राहू दे उघडी. पोरांना आतलं दिसंल." खरोखरच मुले त्या उघड्या बाजूपाशीच गर्दी करून होती.

प्रत्येक वस्तूजवळ एक कार्ड ठेवायचे होते. कार्डावर मार्गदर्शकाचे नाव आणि व्यवसाय. नाव आम्ही लिहिले आणि पुढच्या रकान्यावर पेन अडले. धाकटीने विचारले, "आजोबा, जहाजाच्या फळ्या बसवणाऱ्याला काय म्हणतात?"

"सुतारच म्हणतात की. दुसरं काय म्हणणार?"

तिने आमच्या हातातले पेन घेऊन तसे लिहिले.

उरलेल्या नऊ फळ्या आता आम्ही बसवायला घेतल्या आहेत. पावसाळ्यात पट्ट्या दमटपणाने फुगल्या होत्या, म्हणून दादांनी दसऱ्यापर्यंत हात लावू दिला नाही. परवा सहावी बसली. सातवीवर अंगठा फिरवून ते काही बोलले नाहीत, तेव्हा ती पुन्हा तासायला घेतली आहे.