बंद घराची नोंद

डिसेंबरात बीड जिल्ह्यात सर्वेक्षण ठेवू नका, असं मी नव्या प्रकल्पाच्या पहिल्याच बैठकीत सांगतो. समोरचे माना डोलावतात आणि वेळापत्रकात डिसेंबरच येतो. त्यांचाही इलाज नसतो म्हणा. निधी मार्चअखेर खर्ची पडायला हवा, आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी हातात पडेपर्यंत दिवाळी उलटलेली असते. मग टॅब चार्ज करून आम्ही धारूर, वडवणीकडे निघतो. तांड्यावर पोचावं तर दारोदार कुलपं. कोयते ऊसतोडीला गेलेले. कोयता म्हणजे इथे जोडपं. मुकादम उचल देतो तीही जोडीवर. दसरा-दिवाळीच्या सुमारास निघालेली माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर राहतात आणि हंगाम आटोपला की मार्च-एप्रिलात परततात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळेसाठी ठेवलेली पोरं.

दुसऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरं आणून देणं हा आमचा धंदा. प्राध्यापक प्रश्नावली देतात. आम्ही गावाचा नकाशा काढतो, दारांवर खडूने क्रमांक टाकतो, ठरावीक अंतराने घरं निवडतो, मुलामुलींना शिकवून पाठवतो, संध्याकाळी डेटा सिंक करतो. यात अवघड काही नाही. अवघड होतं ते कुलपापाशी.

निवडलेलं घर बंद, आता काय? फील्डवर याचं उत्तर तयार असतं: शेजारचं घ्या. पण शेजारचं दार उघडं आहे, कारण त्या घराला ओलिताची जमीन आहे किंवा एखादा पगार चालू आहे. त्यांना ऊस तोडायला जावं लागत नाही. अशी पाच-दहा घरं बदलली की गावाचं उत्पन्न वाढतं, शाळेतली हजेरी सुधारते, स्थलांतर घटतं. खोटं कुणीच लिहिलेलं नसतं. एकेक फॉर्म खरा, आणि त्यांतून उभं राहिलेलं गाव मात्र दुसरंच.

ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमली गेली. त्या बायका डिसेंबरातल्या उघड्या दारांमागे कुठून भेटणार? त्या भेटतात कारखान्याच्या आसपास, कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांवर. एका अभ्यासात प्रवासखर्चाची तरतूद होती, तेव्हा आम्ही तिथे गेलो. टोळी अंधारातच फडात उतरते, परतते ती गाडी भरून झाल्यावर. मुलाखत तेव्हाच, तीही चुलीपाशी. बाईचे हात पिठात, आमच्या मुलीच्या हातात टॅब, आणि मुकादमाचा माणूस उगाचच जवळपास रेंगाळणारा. त्याला चहाच्या निमित्ताने लांब नेणं हे सुपरवायझरचं काम. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत ते लिहिलेलं नसतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १९९२-९३ पासून चालू आहे. तिची सूत्रं मुंबईत देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे असतात. तिथे निवडलेलं घर बदलायची मुभाच नाही. पुन्हा पुन्हा जायचं, तरी कुलूप असेल तर बंद म्हणून नोंदवायचं. लहान अभ्यासांत हाच नियम आधी मोडतो. नमुन्याचा आकडा पुरा दिसायला हवा असतो, आणि पोरांना पैसे बहुधा फॉर्ममागे मिळतात. तीन चकरा मारून 'बंद' लिहिणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. मग तो शेजारच्या दारी गेला तर दोष एकट्या त्याचा कसा?

फॉर्ममागचा हाच दर उघड्या घरातही नडतो. "आजी, वय काय तुमचं?" "लिवा साठ. तुमच्या मनानं लिवा." घाईतला पोरगा साठ लिहून मोकळा होतो. वयाच्या आलेखात शून्यावर आणि पाचावर उभे सुळके दिसतात ते यामुळेच. आमच्याकडची एक मुरलेली मुलगी मात्र टॅब मांडीवर ठेवते. "बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाल्ली का, आजी?" "खाल्ली की. थोरला काखंत व्हता तवा. त्याला घिऊनच खडी फोडाया जायची." "त्याच्या आधी कुणी?" आजी जरा थांबतात. "एक पोरगी झाली व्हती. नाही राहिली." साठीच्या आजी सत्तरीपार गेल्या, आणि किती मुलं झाली या रकान्यातला आकडाही बदलला. याला वेळ लागला. त्या दिवशी तिचे फॉर्म सगळ्यांत कमी भरले, म्हणजे पैसेही सगळ्यांत कमी. जीपीएसवरून ती त्या घरी गेली होती एवढं कळतं, बाकी काही कळत नाही.

तेव्हा अभ्यासाचा प्रस्ताव लिहिणाऱ्या प्राध्यापकांना आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांना माझं सांगणं आहे. रोज दिवसाचा द्या, फॉर्मचा नको. ऊसतोडीच्या तालुक्यांत जाणार असाल तर मे महिन्यातल्या दुसऱ्या फेरीचे पैसे आधीच मागून ठेवा. मंजूर करणारे कुरकुरतात, पण कारण नीट लिहिलं तर देतात. घर बंद असेल तर माणसं कुठं गेली, कधी येणार, हे शेजाऱ्यांना विचारण्यापुरते दोन प्रश्न टॅबमध्ये घाला. आणि अहवालात किती घरं बंद होती तो आकडा छापा, तळटीपेत नको, पहिल्याच तक्त्यात.