जुन्या सदऱ्याची किंमत




हिंदीत एक शब्द आहे, 'उतरन'. दुसऱ्याने अंगावरून उतरवून दिलेले कपडे. आमचे सर्व शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे ह्या शब्दाची बोच आम्हाला चांगली ठाऊक आहे. मराठीत आपण 'जुनेर' म्हणतो, आणि तो शब्द मात्र मायेचा आहे. आजीच्या जुनेराची गोधडी आपल्यापैकी बहुतेकांनी पांघरली असेल. गेल्या वर्षी आपल्या शाळेतील एका मुलीच्या गणवेशाला वर्गात कोणीतरी 'उतरन' म्हटले. ती तीन दिवस शाळेत आली नाही. आम्ही समज दिली, पण समज दिल्याने असले शब्द जात नाहीत, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत पाहिले आहे.

म्हणूनच यंदा गोव्याच्या सहलीत जे पाहिले ते सविस्तर लिहीत आहोत. जुने गोवे, मंगेशी वगैरे नेहमीची ठिकाणे झाली. त्यांचे वर्णन मुलांनी केलेच आहे. दक्षिण गोव्यात मात्र आम्ही एका लहानशा दुकानात थांबलो. एका प्राणीकल्याण संस्थेचे ते दुकान, आपल्या ग्रंथालयाच्या निम्मेही नसेल. सदरे, फ्रॉक, चादरी, इंग्रजी कादंबऱ्या, कपबशा. सर्व वापरलेले आणि कोणी ना कोणी दान दिलेले. विलायतेत अशा दुकानांची प्रथा जुनी आहे. हिवाळ्यापुरते गोव्यात राहणारे परदेशी पाहुणे परतताना विमानात न मावणारे सामान इथे ठेवून जातात. गावातली मंडळीही देतात. विक्रीचा पैसा जखमी आणि बेवारस जनावरांच्या उपचारासाठी जातो.

मुली आधी दारातच घुटमळल्या. एकीने विचारले, "हे धुतलेले असतात का?" प्रश्न रास्त होता. गल्ल्यावरच्या बाईंनी सांगितले की कपडे धुऊन, इस्त्री करूनच मांडले जातात, आणि फाटके टॉवेल व चादरी आजारी कुत्र्यांच्या अंथरुणाला जातात. मग आपल्या एका चिरंजीवाने साठ रुपयांच्या सदऱ्यासाठी घासाघीस सुरू केली. सराफ्यात वाढलेली मुले, दुसरे काय करणार! बाई हसून म्हणाल्या, "पन्नासला देते बाळ, पण दहा रुपये कुत्र्याच्या थाळीतून काढते हं." त्याने सत्तर दिले आणि सुटे परत घेतले नाहीत.

त्या दुकानात मोटारीतून उतरलेल्या एक बाई आणि रोजंदारीवरचा एक गृहस्थ एकाच दांडीवरचे कपडे चाळत होते. कोणी कोणाकडे बघत नव्हते. आम्ही त्यावर बराच विचार केला. आपल्या इंदुरात 'नेकी की दीवार' झाल्या. हेतू उत्तमच होता, पण तिथून कपडा उचलणाऱ्याला आपल्याला कोणी पाहात तर नाही ना, अशी धास्ती असते. इथे वस्तूला चिठ्ठी लावून किंमत ठेवली आहे, आणि पैसे जातात मुक्या जनावराला. म्हणजे घेणारा हात पसरत नाही. तोही देणाराच ठरतो. तसे पाहिले तर आपली बोहारीणही हेच करीत आली: लुगडे द्या, पातेले घ्या, उपकार कोणाचाच नाही.

पैसा लागतो किती, ह्याचाही मुलांना अंदाज आला. २००१ सालच्या आणि नंतर २०२३ सालच्या नियमांनुसार रस्त्यावरच्या कुत्र्यांना पकडून, नसबंदी करून, रेबीजची लस टोचून सामान्यतः मूळ जागी सोडायचे असते. लस देणे ही नुसती भूतदया नव्हे. रेबीजची लक्षणे दिसू लागली की रोगी सहसा वाचत नाही. घरोघरी आणि रस्तोरस्ती लसीकरण करूनच २०२१ साली गोवा देशातले पहिले 'रेबीज नियंत्रित' राज्य जाहीर झाले. अडचण पावसाळ्यात असते. किनाऱ्यावरच्या झोपड्यांतली उपाहारगृहे उठतात, तिथल्या उरल्यासुरल्यावर जगणारी कुत्री उपाशी पडतात, आणि नेमके तेव्हाच पाहुणे नसल्याने गिऱ्हाईकही रोडावते.

आता आपल्याविषयी. जिन्याखालची खोली, जिथे सध्या मोडकी बाके आहेत, ती रिकामी करून मिळावी अशी विश्वस्त मंडळाला विनंती आहे. लहान झालेले गणवेश, दप्तरे, पाठ्यपुस्तके, स्वेटर तिथे ठेवू. धुतलेले, बटणे शाबूत असलेले. फाटके वेगळ्या पिशवीत. प्रत्येक वस्तूला किंमत राहील, अगदी पाच रुपये का होईना, आणि घासाघीस चालणार नाही. देणाऱ्याचे नाव कुठेही लिहिले जाणार नाही. हिशेब दहावीची मुले ठेवतील आणि दर महिन्याला फलकावर लावतील. पैसे शहरातल्या जनावरांच्या दवाखान्याला पावती घेऊन द्यावेत, असा विचार आहे. पालकांनी ह्याहून चांगली जागा सुचवली तर स्वागतच आहे.

गणवेशाची पहिली खरेदी आम्हीच करणार आहोत. घरी नातू आहे, यंदा पहिलीत बसतो. खोलीला तेवढे एक कुलूप लागेल.