तुमची मजुरी कुठेय?

आमच्या तालुक्यात धंद्यासाठी पैसे उभे करायच्या तीन जागा आहेत: भिशी, सोनार आणि बँक. बहुतेक बायका याच क्रमाने जातात. भिशीत कागद लागत नाही, सोनाराकडे पाटल्या लागतात आणि बँकेत काय काय लागतं, हे एका फेरीत कधीच कळत नाही.

माझ्या वहिनीला मिरची कांडपाचं यंत्र घ्यायचं होतं. दादाचं काम सुटलेलं. भिशीचा नंबर लागून गेलेला, पाटल्या गहाण. म्हणजे उरली बँक.

योजना कमी नाहीत. मुद्रा योजना २०१५ पासून आहे. तिच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात गावाकडच्या बाईला नवा उद्योग काढायला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान आहे. रील बघून हे ३५ टक्के तेवढे लक्षात राहतात. ते हातात पडत नाहीत, हे रीलमध्ये नसतं. आधी कर्ज मंजूर व्हावं लागतं. मग अनुदानाची रक्कम तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून राहते आणि पडताळणी झाली की कर्जखात्यात वळते.

जिथे माहिती कमी पडते, तिथे एजंट उभा राहतो. एकाने वहिनीकडे उद्यम नोंदणीचे १,५०० रुपये मागितले. ही नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. आधार, पॅन आणि मोबाइल हाताशी असला की घरबसल्या.

तिला खरा आधार मिळाला तो जिल्ह्याच्या गावी, ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत. सगळे तिला ‘आरसेटी’ म्हणतात. १९८२ मध्ये कर्नाटकातल्या उजिरे इथे अशी पहिली संस्था निघाली, पुढे तोच नमुना देशभर गेला. संस्था बँका चालवतात. शिकणं, राहणं, जेवण मोफत.

तिथल्या मॅडमनी वहिनीची वही बघितली. मिरची, धणे, वीज, पिशव्या, सगळं लिहिलेलं. त्यांनी विचारलं, “तुमची मजुरी कुठेय?” वहिनीने स्वतःचे रोजचे आठ तास शून्य रुपयांना धरले होते. ते मांडल्यावर मसाला करून विकण्यात काही उरेना. लोकांच्या मिरच्या कांडून देण्यात मात्र उरत होतं. माल त्यांचा, मजुरी तिची. दुसरा प्रश्न अवघड होता. कांडपाची गर्दी उन्हाळ्यात, हप्ता बारा महिने. पावसाळ्यात काय करणार?

वहिनीने लहान यंत्र घेतलं, कर्जही तेवढंच. पावसाळ्यात ती हळद आणि शेंगदाण्याचं कूट करून देते. त्यात फार सुटत नाही, पण हप्ता निघतो.

आता गल्लीतल्या बायका तिला योजनेचं नाव विचारायला येतात. नाव ती सांगते, पण आधी वही मागते.