पिन ज्याचा, त्याचाच फोन

रत्नागिरी

प्रिय ताई,


तुमच्या शाळेच्या पुढच्या पालकसभेत दिव्यांग मुलांना स्मार्टफोन द्यावेत की नाहीत हा विषय निघणार आहे आणि तू माझं मत विचारलं आहेस. शाळेतून बाहेर पडणाऱ्या, अठरा वर्षं पुरी झालेल्या मुलामुलींबद्दलच लिहितो. लहानांचा प्रश्न वेगळा आहे. मोठ्यांना फोन द्यावा, असं मला ठामपणे वाटतं. पण पिन आईला ठाऊक, यूपीआय भावाच्या खात्याला जोडलेलं आणि ओटीपी वडिलांच्या नंबरवर, असं असेल तर तो फोन त्या मुलाचा नाहीच. मग त्यातून स्वावलंबन आलं नाही म्हणून फोनला बोल लावण्यात अर्थ नाही.

स्वावलंबन म्हणजे कुणाचीच मदत न लागणं, ही कल्पनाच मला पटत नाही. धडधाकट माणूसही दिवसभर इतरांच्या मदतीवर जगतो. फक्त ती कुणाकडून, कधी आणि कशासाठी घ्यायची हे तो स्वतः ठरवतो. नोटेचंच उदाहरण घे. नोटाबंदीनंतर नव्या नोटांचे आकार बदलले, बोटांनी नोट ओळखण्याची अंधांची वर्षानुवर्षांची सवय मोडली, आणि नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी ‘मनी’ हे ॲप आणलं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते किंमत बोलून दाखवतं किंवा कंपनाने कळवतं. एकदा फोनमध्ये घेतलं की त्याला इंटरनेट लागत नाही. मंडणगड-संगमेश्वरकडे रेंज येते-जाते अशा वाड्यांत ही गोष्ट फार मोलाची आहे. नोट खरी की खोटी हे मात्र ते सांगत नाही. तरीही हातात शंभर आहेत की पाचशे, हे दुकानात चारचौघांना विचारावं लागत नाही. घरातल्या डोळस माणसाला ही सोय किरकोळ वाटेल. ज्याला प्रत्येक खरेदीत आपलं पाकीट दुसऱ्यापुढे उघडावं लागलं आहे, त्याला ती तशी वाटणार नाही.

कर्णबधिर मुलांचं गणित जरा वेगळं आहे. समोरच्याचं बोलणं अक्षरांत उतरवणारं गूगलचं ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’ २०१९ मध्ये आलं आणि त्यात मराठी आहे. पण गलबल्यात, किंवा बोलणारा अस्सल संगमेश्वरी बोलीत सुरू झाला, की त्याच्या चुका वाढतात. शिवाय ज्याची पहिली भाषा खुणांची आहे त्याला लिखित मराठी सहज वाचता येईलच असं नाही. त्याला खरा उपयोग व्हिडिओ कॉलचा. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना याहून साधं काही पुरतं: पहिल्या पडद्यावर चार माणसांचे फोटो, फोटोवर बोट ठेवलं की फोन लागावा, आणि औषधाच्या व एसटीच्या वेळेला गजर. म्हणून ‘दिव्यांगांसाठी चांगला फोन कोणता’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. माणूस पाहून फोन मांडावा लागतो आणि ते कुणीतरी धीराने शिकवावं लागतं. फोन फुकट वाटण्याच्या कार्यक्रमांत नेमकं हेच राहून जातं.

पालक फसवणुकीची भीती काढतील, आणि ती खरी आहे. खोटे फोन, ओटीपी मागणारे, लिंक पाठवणारे डोळस पदवीधरांनाही लुबाडतात. पण त्यावर उपाय म्हणून पिन काढून घेतला तर मुलगा सावध व्हायला शिकणार कधी? त्याच्या नावाचं वेगळं बचत खातं काढा, त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा. दोनशे रुपये गेले तर जाऊ देत. आपल्या इतर मुलांना आपण असेच पैसे हरवू दिलेले असतात.

‘आमच्या मुलाला ॲप चालवता येत नाही’ असंही म्हणतील. पुष्कळदा दोष मुलाचा नसतो. बटणाला नाव दिलेलं नसेल तर पडदा वाचून दाखवणारं टॉकबॅक नुसतंच ‘बटण’ म्हणतं, आणि चित्रातली अक्षरं ओळखा म्हणणारा कॅप्चा अंधाला दारातूनच परत पाठवतो. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या प्रज्ञा प्रसून यांना बँकेत खातं उघडताना डोळ्यांची उघडझाप करून दाखवायला सांगितलं गेलं. अमर जैन हे अंध वकीलही अशाच अडचणी घेऊन न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि ओळखीची ही पडताळणी, म्हणजे केवायसी, सुलभ करण्यासाठी वीस निर्देश दिले. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात सुलभतेची जबाबदारी होतीच. तेव्हा बँकेत अडलं तर पालकांनी मुलाच्या वतीने अंगठा मारून मोकळं होऊ नये. लेखी तक्रार करावी, आणि ती मुलाच्या नावाने.

एक आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. फोनमुळे पाखाडीला कठडा येत नाही, चाकाची खुर्ची जांभ्याच्या पायऱ्या चढत नाही. एसटी थांबलेली असेल तर कॅमेरा तिची पाटी वाचतो, पण पायरी उंचच राहते. ‘आता ॲप आहे ना’ असं सांगून कुणी रॅम्पचं काम पुढे ढकलत असेल तर त्याला तिथल्या तिथे अडवायला हवं.

सभेत भाषण ठेवू नकोस. मुलांनाच त्यांचे फोन घेऊन बोलव, आणि प्रत्येकाला आईवडिलांकडे पाठ करून नवा पिन घालायला सांग. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी बोटाचा ठसा ठेव, पण तोही मुलाच्याच बोटाचा. टॉकबॅक सुरू करून देण्याच्या कामाला मी शनिवारी येईन.

तुझा,
भाऊ