सव्वा एकची भानगड

तर झालं असं की, मे महिन्यातल्या एका वीकेंडला पालीला मामांकडे गेलो होतो. बीडहून सोलापूरकडे निघालं की लागतं ते पाली, बिंदुसरा धरणाचं गाव. मामांचं तिथे पोल्ट्रीचं शेड आहे. दुपारच्या उन्हात पक्षी मरतात, म्हणून मी मोठ्या हौसेने एक डबा बनवून नेला होता. तीन तापमान सेन्सर, एक बोर्ड, मेमरी कार्ड आणि पॉवर बँक. दर मिनिटाला तिन्ही सेन्सर वाचायचे आणि कार्डावर एक ओळ लिहायची. लाईट कधी गेली याची नोंद माझा जुना फोन ठेवणार होता. चार्जिंग थांबलं की वेळ लिहून ठेव, इतकंच.

शनिवारी सकाळी ६ वाजता डबा सुरू केला. दुपारी नेमकी लाईट गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत साठ-सत्तर पक्षी गेले. ५ वाजता कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. तापमान चढायला सुरुवात १:१५ ला. फोन म्हणतो, लाईट गेली १:३० ला. म्हणजे पंधरा मिनिटं लाईट होती, पण फॉगर बंद!

शेड सांभाळणारे काका समोरच उभे होते. "लाईट गेली तवाच बंद पडलं ना ते, दादा," ते म्हणाले. मी ऐटीत ग्राफ दाखवला. मामांनी ग्राफ बघितला, काकांकडे बघितलं आणि म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

रात्री गच्चीवर पडल्या पडल्या फाईल पुन्हा चाळत होतो. शेवटची ओळ ४:३६ ची. अरेच्चा! कार्ड तर मी ५ वाजता काढलं होतं. मग २४ मिनिटं गेली कुठे?

माझ्याच प्रोग्रॅममध्ये. मी लिहिलं होतं : सेन्सर वाच, ओळ लिही, ६० सेकंद थांब, घड्याळात एक मिनिट मिळव. पण डीएस१८बी२० हा सेन्सर पूर्ण अचूकतेने मोजायला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ घेतो. एकामागून एक तीन वाचले की झाले सव्वादोन सेकंद. म्हणजे माझं 'मिनिट' ६२.२५ सेकंदांचं! सकाळी ६ पासून दुपारी दीडपर्यंत घड्याळ १६ मिनिटं मागे पडलं होतं. खरं तापमान चढलं १:३० नंतरच. काका बरोबर होते.

तापमान एका अंशाने चुकलं असतं तर काही बिघडलं नसतं. सेन्सर तिन्ही चोख होते. चुकली ती वेळ, आणि वेळ चुकली की कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. दोन घड्याळांच्या नोंदी शेजारी ठेवताना ती घड्याळं जुळतात का, हे मी बघितलंच नव्हतं.

हे काही नवीन नाही म्हणा. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. त्या काळातली नोंद वाचताना आधी विचारायला हवं, कुठल्या घड्याळाने? हवामान खातं सकाळची नोंद ८:३० ला घेतं, कारण तेव्हा ग्रिनिचला ३ वाजलेले असतात आणि जगभर त्याच क्षणी नोंदी होतात.

आता डब्यात डीएस३२३१ हे बॅटरीवर चालणारं घड्याळ आहे. साधा क्रिस्टल २५ अंशांना बरोबर चालतो. डबा ५५ अंशांपर्यंत तापला तर दिवसाला अडीचेक सेकंद मागे पडतो. हे घड्याळ स्वतःचं तापमान बघून ती चूक भरून काढतं. तिन्ही सेन्सरना 'मोजा' असा हुकूम एकदमच जातो आणि वेळ त्याच क्षणाची लिहिली जाते, कार्डावर लिहितानाची नाही.

असो. रविवारी सकाळी मामांना घेऊन काकांच्या घरी गेलो. माफी मागितली. त्यांनी चहा दिला. पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डबा काढताना हातातल्या घड्याळाकडं एकदा बघायचं व्हतं की, दादा."

सोमवारपासून ते परत शेडवर आहेत. आणि मी कुठलाही ग्राफ कुणाला दाखवण्याआधी शेवटच्या ओळीची वेळ बघतो.