रात्रपाळीची वखवख

भिवंडीच्या अंजूरफाट्याहून माणकोलीकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामंच गोदामं. घरोघरी फुटणारी बिस्किटांची, वेफर्सची पाकिटं आधी इथं थप्पीला लागतात. इकडे गावात मागांची खटखट रात्रभर चालू. बारा-बारा तासांची पाळी. भिवंडीत रात्र झोपेसाठी असते, असं कुणी गृहीतच धरत नाही.

कापडाच्या हिशेबाला मीही रात्री बसत आलोय, म्हणून ती दोन-अडीचची वखवख मला चांगली ठाऊक आहे. पोट भरलेलं असतं. तरी दातांनी पाकिटाचा कोपरा तुटतो, मसाला बोटांच्या पेरांत बसतो, शेवटी पाकीट उलटं करून चुरासुद्धा तळहातावर येतो. चव केव्हाच संपलेली असते. हात मात्र थांबत नाही.

लोक म्हणतात, जिभेवर ताबा नाही. मला हे मुळीच पटत नाही. अमेरिकेत केविन हॉल या संशोधकांनी 2019 मध्ये वीस जणांना दोन आठवडे कारखान्यातलं प्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं, ताजं. दोन्हीकडे साखर, मीठ, स्निग्धांश सारखेच आणि खायला मुभा हवी तेवढी. पहिल्या प्रकारात माणसं दिवसाला सरासरी सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली. इतक्या जणांचा संयम एकदम कसा सुटेल? त्यात जागरणाची भर. झोप मोडली की भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं, ‘पुरे’ म्हणणारं लेप्टिन घटतं, असं काही अभ्यासांत दिसलंय. ‘अन्नाचं व्यसन’ हा आजार म्हणून अजून अधिकृत यादीत नाही, त्यावर वाद आहे. पण अनावर खाण्याच्या विकाराला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी 2013 मध्ये स्वतंत्र स्थान दिलं.

दारू सोडता येते, जेवण कसं सोडणार? म्हणून माणूस कडक उपास धरतो, आणि रात्री तीच वखवख दुपटीनं उसळते. उपचार करणारे उलटं सांगतात: वेळेवर, पोटभर, ठरलेलं जेवा. आमच्या पद्मानगरात कामगारांची भिशी, म्हणजे खानावळ, चालवणाऱ्या अम्मा वेगळं काय सांगतात? पाळी सुटून आलेल्या कामगाराच्या हातात पाकीट दिसलं की त्या ते काढून घेत नाहीत. ताट पुढे सरकवतात. “आधी जेवून घे बाबा, मग काय ते खा.” वरण-भात, भाजी, गरम पोळी, शेजारी मांडीला मांडी लावून बसलेले चारजण. बहुतेकांचं पाकीट मग तसंच खिशात राहतं. लाज वाटायला लावून कुणाचं खाणं सुटलेलं मी पाहिलं नाही. ते फक्त लपून सुरू होतं.

तुमच्या घरात कुणी असं लपून खात असेल, तर त्याच्या वजनावर बोलू नका. त्याच्या झोपेची चौकशी करा, त्याच्यासोबत जेवायला बसा. आणि तेवढ्यानं भागलं नाही, तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथं मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.