अजिंठ्याच्या अंधारात एक फोन

फर्दापूरच्या टी-पॉइंटवर आपले वाहन सोडून द्यावे लागते. तेथून लेण्यांपर्यंतचे चारेक किलोमीटर ठरलेल्या बसने जायचे, मग पायऱ्या. पायऱ्यांच्या तोंडाशी डोलीवाले बसलेले असतात. माणसाच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या गुडघ्यांकडे पाहूनच ते गिऱ्हाईक ओळखतात. आमच्या मंडळींपैकी डोलीत कोणीच बसले नाही. पण एका पाहुण्याला मात्र आम्ही सारे आळीपाळीने वाहून नेत होतो. तो पाहुणा म्हणजे माझ्या पुतण्याचा नवा फोन.

२०१३ सालचे गणपती नुकतेच उठले होते. वाघूर नदी खळाळत होती आणि सातकुंडाचे पाणी डोंगराच्या कपारीतून उड्या घेत खाली येत होते. घोड्याच्या नालासारखा वळलेला तो कडा आणि त्यात ओळीने कोरलेली तीस लेणी एका नजरेत मावत नाहीत. फोनात मात्र मावली. नोकिया ८०८ प्युअरव्ह्यू हे त्याचे लांबलचक नाव. २०१२ साली तो निघाला तेव्हा त्याच्या एक्केचाळीस मेगापिक्सेलचा मोठा बोलबाला झाला होता. किंमत तेहतीस हजारांच्या घरात. एवढ्या पैशांत चांगल्यातला कॅमेरा आला असता, असे पुतण्याच्या वडिलांचे मत. ते त्यांनी औरंगाबादेहून निघाल्यापासून (आता छत्रपती संभाजीनगर) तीनदा ऐकवले होते.

फोन हाती घेतला की पहिल्याने जाणवते ते त्याचे पाठीवरचे आवाळू. त्या फुगवट्यात कार्ल झाइसचे भिंग, आणि भिंगाच्या मागे प्रकाश टिपणारी चकती, जी बहुतेक फोनांतल्या चकतीच्या कितीतरी पट मोठी. खरी करामत या चकतीची आहे. मेगापिक्सेलचा आकडा हा जाहिरातवाल्यांचा नगारा. नेहमीच्या वापरात हा फोन पाच मेगापिक्सेलचेच चित्र देतो, पण ते देताना सात-आठ कणांची साक्ष घेऊन एक कण ठरवतो. एकटा साक्षीदार खोटे बोलेल, आठजण मिळून सहसा बोलत नाहीत. म्हणून कमी उजेडातही चित्रावर ती रांगोळीसारखी खर फारशी पडत नाही.

तरी, कमी उजेड म्हणजे किती कमी? याचे उत्तर पहिल्या लेण्यात मिळते.

चपला बाहेर काढून आत पाऊल टाकले की डोळ्यांवर कोणी काळे फडके बांधावे तसे होते. आतले दिवे मुद्दामच मंद ठेवलेले. हळूहळू भिंत उजळते आणि डाव्या हाताला तो दिसतो: हाती कमळ घेतलेला, पापण्या खाली झुकवलेला पद्मपाणी. पुतण्याने फोन वर केला मात्र, राखणदार गरजला, "फ्लॅश बंद!"

फ्लॅश आधीच बंद होता. या फोनाला झेनॉनचा फ्लॅश आहे, लख्ख वीज चमकावी तसा. ऐन कामाच्या जागी तो वापरायचा नाही, याची पुतण्याला हळहळ. "काका, एकदाच उडवला तर काय बिघडतं?" मी म्हटले, "बाबा रे, तुझा एकदा. रोज येणाऱ्या माणसांचे किती?" राखणदाराने माझ्याकडे प्रसन्न नजरेने पाहिले.

मग हातांची परीक्षा सुरू झाली. तिपाई नाही, खांबाला टेकायची सोय नाही, आणि हात हलला तर सावरून घेणारी युक्ती या फोनात नाही. ही त्याची मोठी उणीव. कोपरे बरगड्यांना चिकटवून, श्वास रोखून पुतण्याने बटण दाबले. (खरे दाबायचे बटण, अर्धे दाबून नेम धरायचा, पुरे दाबून बार, काचेवर बोट टेकवण्यापेक्षा हे केव्हाही बरे.) पहिली तीन चित्रे हलली. चौथे उमटले. सौ.च्या साध्या फोनावर पद्मपाणी म्हणजे नुसते तपकिरी धुके होते. येथे मुकुटाची नक्षी दिसत होती, रंगाच्या पापुद्र्याला गेलेल्या बारीक चिरासुद्धा दिसत होत्या.

बाहेर दगडी कठड्यावर बसून मी पुतण्याला मेजर रॉबर्ट गिलची हकीकत सांगितली. ईस्ट इंडिया कंपनीचा हा फौजी चित्रकार १८४४ साली या भिंतींच्या नकला करण्याच्या कामावर नेमला गेला आणि वर्षानुवर्षे येथेच राहिला. त्याने रंगवलेली चित्रे लंडनला गेली, क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगली गेली आणि १८६६ च्या डिसेंबरात तिथल्या आगीत बहुतेक सारी जळाली. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थी हाताशी धरून १८७२ पासून पुन्हा नकला करवल्या. त्यांतल्याही पुष्कळ १८८५ साली लंडनच्याच दुसऱ्या आगीत सापडल्या. गिलने पुढे कॅमेराही हाती घेतला होता. त्याचे लेण्यांचे फोटो १८६४ साली पुस्तकरूपाने निघाले.

"म्हणजे फोटो उरले," पुतण्या म्हणाला आणि खिशातला फोन चाचपला. त्याच महिन्याच्या ३ तारखेला नोकियाचा फोनधंदा मायक्रोसॉफ्ट घेणार अशी बातमी आली होती. ज्या सिम्बियन प्रणालीवर हा फोन चाले, तिचा तर हा शेवटलाच. आई-बाप वारल्यावर जन्मलेले मूल, पण अंगाने गुटगुटीत.

दहाव्या लेण्यात त्याने आम्हांला खूश केले. १८१९ च्या एप्रिलात शिकारीसाठी आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने तेथील एका खांबावर आपले नाव आणि तारीख खरवडून ठेवली आहे, तीही रंगवलेल्या आकृतीवर! तेव्हा लेण्यात दगडमातीचा थर साचला होता, त्यावर तो उभा राहिला. म्हणून आज ती अक्षरे आपल्या डोक्याच्या वर. नुसत्या डोळ्यांना ती पुसट ओरखड्यांसारखी दिसतात. या फोनाचे झूम भिंग सरकवत नाही, मोठ्या चित्राचा मधलाच तुकडा कापून देते. पण तुकडा इतका दाणेदार की स्मिथसाहेबांचे नाव आम्ही एकेक अक्षर जुळवत वाचले. सातकुंडाचे चलच्चित्रही घेतले. पाण्याचा आवाज न फाटता आला, हे विशेष.

दोष सांगायचे तर पडदा खरबरीत. एवढे सुरेख चित्र टिपायचे आणि ते खादीच्या पंचावर सांडल्यासारखे दाखवायचे! घरी संगणकावर उघडीपर्यंत आपण काय आणले याचा पत्ता लागत नाही.

मुंबईस आल्यावर पद्मपाणी मोठा छापून घ्यायला आम्ही ओळखीच्या फोटोवाल्याकडे गेलो. त्याने पडद्यावर पाहून विचारले, "साहेब, फार पिवळा आलाय. काढून टाकू?" आता पंचाईत. थोडा पिवळेपणा दिव्याचा, हे खरे. पण थोडा वार्निशाचा: ग्रिफिथ्सच्या काळी भिंतींवर ते चढले, आणि १९२० नंतर निजामाने बोलावलेल्या इटालियन कारागिरांनी चित्रे सावरताना लाखेचा हातही दिला. तो पिवळेपणा आता चित्राचाच झाला आहे.

पुतण्या बराच वेळ पाहत राहिला. मग फोटोवाल्याला म्हणाला, "पाठीमागच्या भिंतीचा थोडा कमी करा. चेहऱ्याला हात लावू नका."